नमस्कार, तालीम आणि शाळा

शाळेच्या पटांगणांत मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेण्याची चाल महाराष्ट्रांत इतकी रूढ झाली आहे कीं, ती केव्हां व कोणीं सुरू केली असें सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारलेंच तर दोन ठराविक उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो कीं, हा व्यायाम वेदकाळापासून अखंड चालत आलेला आहे, समर्थांनीं तो मठोमठीं नेला आणि तोच पुढें शाळांत शिरला. दुसऱ्या पक्षांत अलीकडील कांहीं पाश्चात्य लेखक विशेषेंकरून आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, विसाव्या शतकांत औंधच्या अधिपतींनीं हा व्यायाम नव्यानें घडविला व त्यावर प्राचीनतेचा मुलामा चढविला. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा, पुरावा मात्र तोकडा. प्रस्तुत निबंधांत या दोहोंची तपासणी करून, औंधच्या शाळांत जें घडलें त्यांत जुनें किती व नवें किती, हें ठरविण्याचा प्रयत्न केला आहे. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. शाळेंत हा व्यायाम सर्व मुलांस सक्तीचा असावा कीं नसावा, हा प्रश्न २००७ सालीं मध्य प्रदेशांत उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, व तेथें दोन्ही बाजूंनीं इतिहासाचीच साक्ष काढली जात होती.

आरंभीं एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. व्यायामाचा इतिहास वेगळा आणि शाळेंतील व्यायामाचा इतिहास वेगळा. पहिला फार जुना आहे. दुसरा जुना नाहीं. एल्फिन्स्टन साहेबाच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची जी चौकशी सुरू झाली, तिचे आंकडे १८२९ पर्यंत जमले. त्यांत एकंदर १७०५ शाळा व ३५,१५३ विद्यार्थी दाखविले असून त्यांपैकीं १६८० शाळा गांवठी आहेत. हे कागद रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांस सहज मिळूं लागले आहेत. या गांवठी शाळांत काय शिकवीत, याचें चित्र सर्वत्र जवळजवळ एकच आहे: धुळाक्षरें, मोडीचें वळण, उजळणी, पावकी-निमकी, हिशेब. शरीराच्या शिक्षणास त्यांत जागा नाहीं. पंतोजीचें काम मुलास कारकुनी व्यवहारास लायक करण्याचें होतें. अंग कमावणें हें काम दुसऱ्या जागीं व दुसऱ्या गुरूकडे होत असे.

पंतोजीच्या शाळेंत शरीरास काम मिळे तें शिक्षेच्या निमित्तानें. उठाबशा काढणें, अंगठे धरून ओणवें उभें राहणें, या त्या शाळेच्या प्रसिद्ध शिक्षा होत. आतां उठाबशा म्हणजे तालमींतील बैठकाच. जी हालचाल तालमींत पोरगा अभिमानानें शेकड्यांनीं करी, तीच शाळेंत त्याला लाज वाटावी म्हणून करावयास लावीत. हिंदींत ज्यास 'दंड' म्हणतात त्या व्यायामास मराठींत 'जोर' म्हणतात, आणि 'दंड' हा शब्द मराठी मुलाच्या कानीं बहुधा शिक्षेच्याच अर्थानें पडे. शाळा आणि तालीम यांमध्यें किती अंतर होतें हें या साध्या गोष्टीवरून चांगलें कळतें. पुढें शाळेंत व्यायाम आणूं पाहणारांस या अंतराशींच झगडावें लागलें.

तालमीची परंपरा मात्र लेखी साधनांनीं चांगली सिद्ध होते. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास रचला. त्यांतील मल्लविनोदाच्या प्रकरणांत मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार व त्यांचे निरनिराळे 'श्रम' सांगितले आहेत. भार उचलण्याचा भारश्रम, पाण्यांतील सलिलश्रम आणि खांबावरील स्तंभश्रम हे त्यांतले. शेवटच्या श्रमांत मल्लखांबाचें मूळ पाहण्यास हरकत नाहीं. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण १९६४ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघालें, त्यामुळें या विद्येचें दुसरें एक साधन हातीं आलें. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबास पुन्हा ऊर्जितावस्था आणली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. निजामाकडून आलेल्या मल्लांची व सप्तशृंगीवरील दृष्टांताची कथा तिच्याभोंवतीं गुंफलेली आहे, ती कथा म्हणूनच ठेवावी. दुसऱ्या बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली एवढा भाग ग्राह्य धरण्यास अडचण नाहीं.

पण हें सर्व शाळेंत कसें न्यावें? तालमीस हौदा लागतो, त्यांत तेल-ताक घालून मऊ केलेली माती लागते, जोडी, करेल, नाल इत्यादि सामान लागतें. मल्लखांबास एरंडेल चोळलेला गुळगुळीत सागवानी खांब लागतो, आणि त्यावर एका वेळीं एकच गडी चढूं शकतो. वस्ताद एकेका शागिर्दाच्या अंगास हात लावून डाव शिकवितो. खुराकाचा खर्च निराळाच. चाळीस मुलें, एक शिक्षक व अर्धा तास, या हिशेबांत तालमीची विद्या बसत नव्हती. शिवाय तालीम पुरुषांची; मुलींचा तेथें प्रवेशच नव्हता. सरकारी शिक्षणखात्यानें म्हणून सोपा मार्ग धरला. १८८२ च्या शिक्षण आयोगानें देशी खेळ, कसरत व कवाईत यांस शाळांच्या ऐपतीप्रमाणें उत्तेजन द्यावें अशी शिफारस केली. तींत देशी खेळांचा उल्लेख आधीं आहे, हें आयोगास भूषणावह आहे. परंतु शाळांत गेली ती बहुतांशीं कवाईत, व ती शिकविण्यास आले ते बहुधा पलटणींतून पेन्शन घेतलेले हवालदार. १८९४ सालीं न्यायमूर्ति रानड्यांनीं विद्यापीठाच्या पदवीधरांच्या अकालमृत्यूचा प्रश्न आंकडे घेऊन चर्चिला, तेव्हां सुशिक्षितांच्या शरीराची चिंता घरोघर बोलली जाऊं लागली. या चिंतेमुळेंच पुढील पिढीनें व्यायामाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें.

आतां नमस्काराकडे वळूं. सूर्यास साष्टांग नमस्कार घालण्याचा विधि जुना आहे याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचांवर उभारलेला तृचाकल्प वैदिक घराण्यांत परिचित आहे. बीजाक्षरें, ऋचांचे चरण व मित्र, रवि, सूर्य आदिकरून सूर्याचीं बारा नांवें यांच्या जुळणीनें एकेक नमस्कार घालावयाचा, असा त्याचा सांचा. यांतील एक बारकावा पुष्कळांच्या नजरेंतून सुटतो. या विधींत एका नांवास एक संपूर्ण नमस्कार असतो. हल्लीं शाळांत शिकवितात त्या नमस्काराचे बारा भाग पाडून बारा नांवांशीं त्यांची सांगड घालण्याची जी प्रवृत्ति दिसते, तिला तृचाकल्पाचा आधार नाहीं. अंगाच्या एकेका ठेवणीचें विवेचन हा त्या विधीचा विषयच नव्हे. तेथें महत्त्व मंत्राचें आणि संख्येचें आहे, स्नायूंचें नाहीं.

समर्थांविषयीं संप्रदायांत असें सांगतात कीं, टाकळीस असतां ते रोज बाराशें नमस्कार घालीत. समर्थांचा काळ इ. स. १६०८ ते १६८१. त्यांचें चरित्र म्हणून जी हनुमंतस्वामींची बखर नेहमीं पुढें केली जाते ती त्यांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली आहे. बखरीस साधन म्हणून जेवढी किंमत द्यावयाची तेवढीच तिला द्यावी. दासबोधाच्या चौथ्या दशकांतील वंदनभक्तीचा समास जरूर पाहावा. तेथें नमस्काराचा महिमा आहे. परंतु त्याचें फळ नम्रता व भगवंताची कृपा हें आहे, दंडांत बळ येणें हें नाहीं. समर्थांनीं स्थापिलेले मारुति व पुढें गांवोगांवच्या तालमींत बसलेले मारुति यांचा संबंध मानण्यास जागा आहे. पण त्यावरून समर्थ शाळकरी पोरांकडून नमस्कार घालून घेत, असें अनुमान काढणें म्हणजे दोन निरनिराळ्या काळांतील गोष्टी एका दोरींत ओंवणें होय.

मग नमस्कार हा व्यायाम म्हणून औंधच्या आधीं ठाऊकच नव्हता काय? तसेंही नाहीं, आणि याचा पुरावा अनपेक्षित जागीं मिळतो. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत सूर्यनमस्काराचें नांवही नाहीं. परंतु तिच्यावर ब्रह्मानंदानें लिहिलेल्या ज्योत्स्ना नांवाच्या एकोणिसाव्या शतकांतील टीकेंत तो आहे. पहिल्या उपदेशांत अभ्यासकानें कोणत्या गोष्टी टाळाव्या हें सांगतांना मूळ ग्रंथकार शरीरास क्लेश देणाऱ्या कृत्यांचा निषेध करितो. त्या पदाचा अर्थ उलगडतांना टीकाकार दोन उदाहरणें देतो. एक, पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें. दुसरें, पुष्कळ ओझें उचलणें.

हें लहानसें वाक्य दोन्ही पक्षांस अडचणीचें आहे. औंधच्या अधिपतींनीं हा प्रकार निर्माण केला असें म्हणणारांस त्यानें उत्तर मिळतें; कारण राजेसाहेबांच्या पुस्तकाच्या पुष्कळ आधीं मोठ्या संख्येनें नमस्कार घालणारे लोक होते, व ते शरीर दमवितात हें पाहणाराच्या ध्यानीं आलेलें होतें. उलट, नमस्कार हा प्राचीन योगाचा अविभाज्य भाग आहे असें म्हणणारांचीही पंचाईत होते. कारण हठयोगाचा टीकाकार त्याची गणना योगांत न करतां भार उचलण्याच्या शेजारीं करितो, आणि वर तो टाळण्यास सांगतो. म्हणजे त्याच्या दृष्टीनें नमस्काराचें बिऱ्हाड तालमीच्या बाजूस होतें. १९३० नंतरच्या दशकांत म्हैसूरच्या राजवाड्यांत कृष्णमाचार्य योगाचे वर्ग घेत असतां सूर्यनमस्काराचा वर्ग तेथें निराळा होता, हेंही या संदर्भांत स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

अंगाच्या हालचालीवरूनही असेंच दिसतें. केवळ साष्टांग प्रणिपातांत माणूस ओणवा होतो, पालथा निजतो व उठतो. शाळेंतील नमस्कारांत मात्र साष्टांगानंतर छाती पुढें काढून मान वर घेणें, मग कमर उचलून अंगाची कमान करणें, अशीं दोन अंगें आहेत. तीं एकापुढें एक केलीं कीं तालमींतला जोर तयार होतो; फक्त क्रम उलटा. आमच्या मतें देवघरांतील प्रणिपात आणि हौद्यावरील जोर यांचा संगम होऊन आजचा नमस्कार सिद्ध झाला, आणि तो संगम औंधच्या पूर्वींच कोठेंतरी भिक्षुकांच्या व गृहस्थांच्या अंगणांत झालेला असावा.

औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांची ओळख या त्रैमासिकाच्या वाचकांस करून देण्याची गरज नाहीं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनीं एक लक्ष रुपयांचें साह्य देऊं केलें, व औंधचें चित्रसंग्रहालय त्यांनीं १९३८ सालीं उघडलें. स्वतः चित्रकार व कीर्तनकार असा हा पुरुष व्यायामाकडे आला तो मात्र परदेशी वाटेनें. यूजीन सँडोची कीर्ति तेव्हां जगभर होती. बाळासाहेबांनीं त्याचीं पुस्तकें व उपकरणें मागवून सुमारें दहा वर्षें त्याचा व्यायाम निष्ठेनें केला. पुढें १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते नमस्काराकडे वळले. घरांत वडिलांचा नमस्काराचा नेम त्यांनीं लहानपणापासून पाहिलेला होता. तेव्हां त्यांना नमस्कार सांपडला तो पोथींत नव्हे, घरांत; मात्र त्याकडे पाहण्याची त्यांची नजर सँडोच्या पुस्तकांनीं तयार केलेली होती. कोणत्या ठेवणींत कोणता स्नायु ताणला जातो, श्वास केव्हां घ्यावा व केव्हां सोडावा, रोजची संख्या कशी वाढवावी, हे प्रश्न तृचाकल्पाच्या कर्त्यास कधीं पडले नसते. बाळासाहेबांस ते पडले, आणि त्यांनीं त्यांचीं उत्तरें छायाचित्रांसह पुस्तकांत दिलीं. मंत्र त्यांनीं सोडले नाहींत. बीजाक्षरांच्या उच्चारानें छातीस व कंठास व्यायाम घडतो, असें सांगून त्यांनीं मंत्रालाही शरीरशास्त्राच्या पंक्तीस बसविलें. हें समर्थन कित्येक वैदिकांस रुचण्यासारखें नव्हतें, हें उघड आहे.

१९०९ सालीं ते गादीवर आले. संस्थान केवळ ७२ गांवांचें, तेंही विस्कळीत: कांहीं भाग औंधाभोंवतीं, कांहीं आटपाडीकडे माणदेशच्या दुष्काळी पट्ट्यांत, कांहीं थेट विजापूरकडे गुणदाळास. अशा संस्थानास गांवोगांव तालीम बांधून वस्ताद नेमणें परवडणारें नव्हतें. नमस्कारास काय लागे? माणसाच्या लांबीएवढी जमीन. सामान नाहीं, वस्ताद नाहीं, खुराकाचा बाऊ नाहीं. शिक्षक स्वतः शिकला कीं दुसऱ्या दिवशीं तो वर्गास शिकवूं शकतो, आणि आंकड्यांच्या तालावर सगळी रांग एकदम वांकूं व उठूं शकते. संस्थानच्या शाळांत नमस्कार आवश्यक झाले. राजेसाहेब स्वतः प्रात्यक्षिकें करून दाखवीत, व्याख्यानें देत. त्यांनीं चलच्चित्रपटही तयार करविला. मुलींस व स्त्रियांस त्यांनीं यांतून वगळलें नाहीं. उलट राणीसाहेबांपासून घरच्या मंडळींनीं नमस्कार घालावे असा त्यांचा कटाक्ष होता. तालमीनें जें शतकानुशतकें केलें नव्हतें तें या एका गोष्टीनें झालें, व आमच्या दृष्टीनें औंधच्या प्रयोगाचें खरें नावीन्य येथें आहे. व्यायामाची रचना जुन्याच सामग्रीची. पण तो गांवच्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा रोजचा पाठ व्हावा, ही कल्पना नवी.

याचें मोल सांगतांना उणीवही सांगितली पाहिजे. प्रजेनें काय खावें व कसें राहावें यांतही राजाचें मत चालावें, अशी एक वडीलकीची छटा या सर्व उपक्रमांत आहे. नमस्कारानें अमुक रोग जातो, तमुक विकार बरा होतो, अशीं जीं विधानें पुस्तकांत येतात, त्यांस भक्ताचीं वचनें समजावें. लंडनमध्यें लुईझ मॉर्गन या बाईंनीं १९३८ सालीं राजेसाहेबांच्या पद्धतीचें पुस्तक इंग्रजींत काढलें, त्यांत नमस्काराचे दहा भाग केलेले आहेत. दहाचे बारा पुढें झाले. प्राचीनतेचा आग्रह धरणारांनीं एवढ्या एका फरकाचा तरी विचार करावा.

औंध एकटें नव्हतें. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांनीं जुम्मादादांच्या आखाड्यांत संघव्यायामाची घडी बसविली व कवाईतीचे इंग्रजी हुकूम बदलून देशी भाषेंतील हुकूम रूढ केले. ही गोष्ट दिसावयास लहान. परंतु हवालदाराच्या कवाईतीचें शाळेवरील राज्य संपलें तें या हुकमांच्या बदलापासून, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें. बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या अवधींत पुरे केले. संग्राहकांनीं संपूर्ण संच दिसल्यास सोडूं नये. माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढील स्वामी कुवलयानंद. त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. १९३७ सालीं मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आलें, तेव्हां शालेय शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यास नेमलेल्या समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेलें. पुढील वर्षीं कांदिवलीस शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था उघडली. औंधांत जें एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होतें, तें येथें खात्याच्या अभ्यासक्रमाचा भाग झालें. नमस्काराबरोबर जोर-बैठका, लाठी, लेझीम, हुतुतू, खोखो हीं सर्व शाळेंत आलीं.

लेझिमीविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. लेझीम हा फार्सी शब्द. मूळ अर्थ, तिरंदाजीच्या सरावाचें, दोरीऐवजीं लोखंडी सांखळी लाविलेलें धनुष्य. तें ओढून योद्धे दंड कमावीत. तालमींत तें बाण विसरलें, मिरवणुकींत ढोल-ताशाबरोबर नाचूं लागलें, व शाळेंत येतांयेतां लांकडी दांडा व पत्र्याच्या चकत्या एवढ्यावर हलकें झालें. वस्तु तीच, पण योद्ध्याच्या हातांतून दहा वर्षांच्या मुलीच्या हातीं येईपर्यंत तिचें वजन व काम दोन्ही पालटलें. नमस्काराचेंही असेंच घडलें आहे. लेझीम इराणी म्हणून कोणी शाळेंतून काढावी असें म्हणत नाहीं, आणि ती पुरातन आर्य आहे असाही कोणी आग्रह धरीत नाहीं. नमस्काराविषयीं मात्र दोन्ही प्रकारचे आग्रह चालतात.

राहिला प्रश्न साधनांचा. तृचाकल्पाच्या पोथ्या वैदिकांच्या घरीं कर्मकांडाच्या किरकोळ कागदांत बांधलेल्या असतात, व विषय क्षुल्लक म्हणून सूचीकार त्यांकडे दुर्लक्ष करितात. त्या उघडून पाहाव्या. मुख्य पाठ सर्वत्र सारखाच असणार. परंतु समासांत अथवा शेवटच्या कोऱ्या पानावर नमस्कारांची संख्या, नेमाचा आरंभ-शेवट, किंवा अंग कसें ठेवावें याविषयीं मराठींत वा मोडींत टिपण असल्यास तें या प्रश्नीं मूळ ग्रंथाहून अधिक मोलाचें ठरेल. तालमींच्या खर्चाचीं कलमें संस्थानी व देवस्थानी जमाखर्चांत 'मारुती'च्या सदराखालींही पाहावीं. औंधच्या शाळांच्या कागदांसाठीं मात्र एका दप्तरावर विसंबून चालणार नाहीं. संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां त्याचे तुकडे झाले: औंध साताऱ्याकडे, आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्याकडे, गुणदाळ विजापुराकडे, आणि १९५६ पासून विजापूर कर्नाटकांत आहे. शाळांच्या तपासणीचे शेरे व शिक्षकांस गेलेले हुकूम या तिन्ही ठिकाणीं शोधावे लागतील, व गुणदाळकडील कागदांत कानडी शाळांचा संबंध येणार हें ध्यानांत ठेवून तेथें कानडी जाणणारा साह्यकर्ता बरोबर न्यावा.